नऊ ओळींची लग्नपत्रिका

माझं आजवर एकच लिखाण छापून आलं आहे. त्याच्या सातशे प्रती निघाल्या. चार दिवसांत सगळ्या संपल्या आणि आठवडाभरात त्यातल्या साठेक परत आल्या. परत आणून देणाऱ्यांनी रिक्षाचं भाडं स्वतःच्या खिशातून भरलं. इतका उत्साही वाचक किती लेखकांच्या नशिबी असतो, मला माहीत नाही.

लिखाण नऊ ओळींचं होतं. विषय माझ्या चुलत बहिणीचं लग्न.

हे सगळं एका खुर्चीमुळे झालं. कडोदऱ्याला एका लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, मी कामाला आहे. विणून उतरलेला कापडाचा ताका घडी होऊन आला की त्याच्यावर चिठ्ठी लावायची आणि चिठ्ठीवर नंबर लिहायचा, हे माझं काम. ते उभ्याने करायचं असतं. समोर सेठची काचेची केबिन आहे. तिच्यात एसी आहे आणि एसीच्या बरोबर खाली एक रिकामी खुर्ची आहे. दोन वर्षं मी त्या खुर्चीकडे बघत नंबर लिहीत होतो. तीन-चार वेळा चुकलेसुद्धा.

फेब्रुवारीत सेठने सांगितलं की परदेशातल्या गिऱ्हाइकाला प्रत्येक मशीनची कामाची पद्धत लेखी पाहिजे. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांची माणसं तपासणीला येणार. आमच्याकडे पद्धत आहे, लेखी नाही. पद्धत अशी की मशीन अडलं की मास्तर ओरडतो. मी म्हटलं, मी लिहितो. सेठ गुजरातीत म्हणाला, "एम नहीं चाले. सर्टिफिकेटवाळो जोइए. जेनी पासे सर्टिफिकेट, एनी खुरशी."

म्हणजे खुर्ची सर्टिफिकेटवाल्याला मिळणार होती. त्याच संध्याकाळी मी एका कॉलेजच्या तांत्रिक आणि व्यावसायिक लेखनाच्या ऑनलाइन कोर्सला नाव घातलं. तीन महिने, दहा धडे, शेवटी एक प्रकल्प. सगळं मोबाइलवर.

बातमी आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत माझ्याआधी पोचली होती. शेजारच्या शांताबाई मूळच्या परभणीकडच्या. त्या दारातच उभ्या होत्या.

"लेखन शिकायलास म्हनं? म्हंजे तुला आनखी लिवायला येत न्हाई?"

"येतं, मावशी. हे व्यावसायिक लेखन आहे."

"हां हां. आमच्याकडं तहसीलीच्या दारात बसायचा एक. अर्ज लिवायचा. छत्री लागती त्याला, ऊन लई असतंय. छत्री घेतली का?"

मी म्हटलं, ऑनलाइनला छत्री लागत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या दिवशी मी घरातली छत्री कुठे आहे ते बघून ठेवलं.

आबांचं मत मात्र कळलं नाही. माझे वडील, निंबा भदाणे, एकतीस वर्षं लूमवर आहेत. लूमच्या आवाजात माणसं दोन प्रकारची होतात. काही कायमची ओरडून बोलतात, काही बोलणंच सोडून देतात. आबा दुसऱ्या प्रकारचे. ते हातांनी बोलतात. दोन बोटं म्हणजे चहा, मूठ म्हणजे जेवण. माझा कोर्स ऐकून त्यांनी पंजा उलटा केला. त्याचा अर्थ लाइट गेली असा होतो. मी दिव्याकडे पाहिलं. लाइट होती.

कोर्सच्या ज्योती मॅडम प्रत्येक धड्यात एकच वाक्य दाखवायच्या. 'वाचकाला काय करायचं आहे ते सांगा. बाकी काढा.' हे वाक्य माझ्या डोक्यात इतकं बसलं की मी सोसायटीची सूचनाही सुधारली. चेअरमन विकासभाईंनी लिहिलं होतं, 'सर्व सन्माननीय रहिवासी बंधू-भगिनींना कळविण्यास अत्यंत खेद होतो की,' आणि तिथून पुढे पाण्याची वेळ यायला अकरा ओळी लागत होत्या. मी केलं, 'उद्या पाणी सहा ते सात. भरून ठेवा.'

दुसऱ्या दिवशी कोणीही पाणी भरलं नाही. शांताबाईंनी कारण सांगितलं. "पोरानं लिवलं आसंल म्हनलं. खेद कुठं व्हता त्याच्यात?"

मी वहीत नोंद केली, 'वाचकाला खेद लागतो.' ही नोंद मी पुन्हा वाचली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

शेवटचा प्रकल्प असा होता. आपल्या आसपासचा एखादा खरा दस्तऐवज घ्या, त्यातले निदान साठ टक्के शब्द काढा, तो प्रत्यक्ष वापरात आणा आणि पाच वाचकांचे अभिप्राय जोडा. मी घरात दस्तऐवज शोधत होतो. गॅसचं पुस्तक होतं, पण ते वापरातच होतं. तेवढ्यात दत्तूकाका आले, म्हणजे ज्या चुलत बहिणीचं लग्न तिचे वडील, आणि चार पानं माझ्या हातात ठेवली. दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

"योगिताच्या पत्रिकेचा मजकूर आहे. मी गावाला जातोय, देवाला आणि भाऊबंदांना सांगायला. सहा दिवस लागतील. तू लिहिण्याचंच शिकतोस ना? मग तूच बघ आता. प्रवीणकडे छापायला दे आणि वाटून टाक."

मी वाचायला बसलो. सहाशे चाळीस शब्द होते. त्यात एकशे त्रेचाळीस माणसं. प्रेषक वेगळे, निमंत्रक वेगळे, विनीत वेगळे, व्यवस्थापक वेगळे, स्वागतोत्सुक वेगळे. एका मित्रमंडळात माणसांपेक्षा अध्यक्ष जास्त होते. शेवटी अकरा मुलांची नावं, 'आमच्या योगिताताईच्या लग्नाला यायचं हं!' त्यातला एक अजून जन्मला नव्हता. त्याच्यासाठी 'चि. बाळ' अशी जागा धरून ठेवली होती.

मी धडा सातवा उघडून तक्ता केला. डाव्या बाजूला मजकूर, उजव्या बाजूला प्रश्न : लग्नाला येण्यासाठी वाचकाला हे कळणं गरजेचं आहे का? तारीख, हो. हॉल, हो. हेमराजमामा, म्हणजे योगिताचे सख्खे मामा, चलथाणच्या साखर कारखान्यात फिटर. मजकुरात दोनदा होते, एकदा मामांमध्ये आणि एकदा व्यवस्थापकांमध्ये. त्यांच्यासमोर मी लिहिलं, 'नाही. शिवाय पुनरुक्ती.' हा तक्ता पुढे माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून घरात फिरला.

शेवटी उरलं ते असं :

योगिता दत्तू भदाणे
आणि
शुभम कैलास बोरसे
यांचं लग्न
रविवार, १८ मे
दुपारी साडेबारा
डिंडोली, पाण्याच्या टाकीसमोरचा हॉल
जेवण आहे
यावे

एकवीस शब्द. मॅडमनी साठ टक्के काढायला सांगितले होते, मी सत्त्याण्णव काढले. वर गणपती ठेवला. मी शिकलेला आहे, पण इतका नाही.

छापणाऱ्या प्रवीणचा तीनदा फोन आला. "भाऊ, बाकीची पानं कधी पाठवतो?" मी म्हटलं, एवढंच आहे. तो म्हणाला, "इकडे येऊन सही करून जा. उद्या मला कोणी मारायला नको."

पत्रिका सुंदर दिसत होती. चारी बाजूंनी पांढरी जागा. योगिता म्हणाली, "मस्त छे, चेतनभाऊ! एकदम हटके!" तिचं नाव सगळ्यात वर होतं. आईने, म्हणजे शोभाबाईंनी, सातशे कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं आणि एकही पत्रिका वाचली नाही. तिच्या मते घरच्यांनी पत्रिका लावायची असते, वाचायची समोरच्यांनी.

समोरच्यांनी वाचली.

आता एक गोष्ट सांगतो, जी दहापैकी एकाही धड्यात नव्हती. आमच्याकडे लग्नपत्रिका कोणी लग्नासाठी वाचत नाही. लग्नाची तारीख सगळ्यांना महिनाभर आधी पाठ असते. पत्रिका हातात आली की माणूस चष्मा लावतो, बोट ठेवतो आणि वरून खाली स्वतःचं नाव शोधत जातो. सापडलं की बोट तिथेच ठेवून बायकोला हाक मारतो. मग भावाचं शोधतो, ते आपल्या वर आहे की खाली ते बघतो आणि पत्रिका बाजूला ठेवतो. काम झालं. माझ्या पत्रिकेत सातशे घरांतली बोटं निघाली आणि नवव्या ओळीवर येऊन पडली.

पहिला फोन सकाळी सात दहाला आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"मनं नाव कोठे शे?"

दुपारपर्यंत असे तेवीस फोन झाले. वाक्य तेच, माझं नाव कुठे आहे, फक्त आवाज वेगळे. संध्याकाळी नवरदेवाकडून बोरसेभाऊंनी अदबीने चौकशी केली की भदाण्यांना भाऊबंदांनी वाळीत वगैरे टाकलंय का. मुलीच्या बाजूने एकही माणूस दिसत नाही म्हणून विचारलं.

सहाव्या दिवशी दत्तूकाका गावाहून आले. पत्रिका हातात घेतली. वाचली. उलटली. मागे कोरी होती. पुन्हा सुलटी केली. मग तिच्यात मध्ये बोट घालून ती कुठे उघडते का ते पाहिलं. उघडत नव्हती.

"हाई काय शे?" ते म्हणाले. अगदी हळू. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

अशा वातावरणात मला पाच अभिप्राय गोळा करायचे होते. मी मोबाइलवर फॉर्म बनवला आणि नातेवाइकांना पाठवला. हा निर्णय योग्य होता की नाही यावर घरात अजून दोन मतं नाहीत. हेमराजमामांनी फॉर्म पूर्ण भरला. 'दस्तऐवजाचा उद्देश स्पष्ट झाला का?' उत्तर : 'झाला. आमची गरज नाही.' 'दस्तऐवज वाचून आपण कोणती कृती कराल?' उत्तर : 'घरी बसू.' 'हा दस्तऐवज आपण इतरांना सुचवाल का?' उत्तर : 'चलथाणमध्ये सगळ्यांना दाखवला.' पाच जणांची सरासरी पाचपैकी एक पूर्णांक दोन आली. वरचे पूर्णांक दोन काकूंचे. त्यांचा अंगठा घसरला होता.

मामांनी नुसता फॉर्म भरला नाही, पत्रिकाही परत पाठवली. आणि तिथे गंमत संपली. मामाच मुलीला मांडवात घेऊन येतो, अंतरपाट धरला की मामाच तिच्या पाठीशी उभा राहतो. बाकी एकशे बेचाळीस जण आले नाहीत तर जेवण उरलं असतं. मामा आला नाही तर लग्नच पुढे सरकत नाही.

योगिता आमच्या घरी आली ती चप्पल न काढता.

"चेतनभाऊ, तुझं सर्टिफिकेट कधी येणार?"

"मे अखेर."

"लवकर मागव ना. फ्रेम करून मामाच्या जागी उभं करू. बघ, मी सांगून ठेवते. मामा नाही तर मी मांडवात येत नाही. मग छाप परत. 'लग्न नाही. जेवण आहे.' अजून कितीतरी शब्द वाचतील तुझे!"

मी मनात मोजलं. चारच उरत होते. हे बोलायची वेळ नव्हती.

भर दुपारी आमच्या हॉलमध्ये बैठक बसली. ठरलं की पुरवणी काढायची. नावांची. मूळची एकशे त्रेचाळीस तर आलीच पाहिजेत. पण आता जी नावं मूळ मजकुरातही नव्हती त्यांनाही घालणं भाग होतं, कारण पुरवणीतही नाव नाही म्हणजे दोनदा काढल्यासारखं. विकासभाईंना चेअरमन म्हणून घ्यायचं, खेदासकट. शांताबाई म्हणाल्या, "आमचं नको बाई, आम्ही काय नात्यातले न्हाई," आणि तिथेच बसून राहिल्या. त्यांनाही घेतलं. तीनशे अठरा झाले.

मग क्रम. मोठे आधी म्हटलं तर मोठं कोण यावरून काका आणि त्यांचे एक आत्येभाऊ जन्मदाखले आणायला निघाले. मी कोर्समधला उपाय सुचवला. वर्णानुक्रम. कोणी वर नाही, कोणी खाली नाही, जशी बाराखडी येईल तसं. सगळ्यांना पटलं. आबांनीसुद्धा मान हलवली. मी रात्रभराचं काम दोन तासांत केलं, प्रवीणकडून कच्ची प्रत आणली आणि मग लक्षात आलं की हेमराज हा ह आहे.

तीनशे अठरावे. सगळ्यात शेवटी. शांताबाईंच्या पुष्कळ खाली.

बदलायला निघालो तर आत्येभाऊ म्हणाले, "एकाला वर घेतलं तर मलाही घ्या." काका म्हणाले, "आता तू जा. तूच वाचून दाखव त्यांना. आम्हाला तोंड नाही." मी आबांकडे पाहिलं. ते मोटरसायकलवर मागे येऊन बसले.

चलथाणला मामा अंगणात टेबलफॅन उघडून बसले होते. मामींनी पाणी दिलं. आमच्याकडे पाणी वैऱ्यालाही देतात. चहाचं वेगळं असतं.

मामांनी मान वर केली नाही. "नऊ ओळींचे लेखक आले वाटतं."

मी पुरवणी पुढे केली.

"चष्मा नाही. वाच." चष्मा खिशात दिसत होता.

मी वाचायला लागलो. अंगणात उभं राहून, शाळेत हजेरी घेतात तसं. अ झाला, क झाला. शेजारच्या ओट्यांवर माणसं येऊन बसली. कोणाकोणाचं नाव आलं की ते "हां" म्हणत, हजर असल्यासारखे. द वर आलो.

"दगाजी सुकलाल—"

"तो तं मरी गया," मामा म्हणाले.

"काढू?"

"काढू? पुन्हा काढतोस?" पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कैलासवासी लाव."

मी लावलं. पुढच्या दोन नावांनंतर मामांनी खिशातून चष्मा काढला, चारांनंतर पेन. ध च्या सुमाराला ते माझ्या शेजारी उभे होते. एका धनराजवर येऊन थांबले. त्याच्याशी त्यांचं आठ वर्षं बोलणं नव्हतं. पेन त्या नावावर बराच वेळ राहिलं. मग म्हणाले, "राहू दे. पोरीचं लग्न आहे." आणि त्याच्या नावाआधी 'श्री.' राहिला होता तो घातला. त्यांनी सात चुका काढल्या, दोन जावई शोधून दिले, चि. बाळाच्या जागी नाव घातलं, कारण तो परवाच झाला होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. म वर चहा आला. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी दोन बोटं वर केली. मला दिसत होतं तरी केली.

मग श, स, आणि ह.

"हेमराज... मामा, हे वर्णानुक्रमाने आहे. म्हणजे ते बाराखडीत..."

मामा पानाच्या तळाशी बघत राहिले.

"लग्नात मामा कोठे उभा ऱ्हास?" त्यांनी विचारलं.

हे दहा धड्यांत नव्हतं.

"मांगे," आबा म्हणाले. लूमवाल्याचा आवाज, रस्त्यापर्यंत गेला. त्या दिवशीचा त्यांचा तो एकमेव शब्द.

"मग?" मामा म्हणाले. "सगळ्यांच्या मागेच उभा राहणार मी. छाप तसंच." आणि खाली बसून फॅनचे स्क्रू पिळायला लागले.

लग्न झालं. मामा योगिताच्या मागे उभे होते. मंगलाष्टकं चालू असताना निम्मा मांडव पुरवणीत बोट फिरवत होता. काहींनी अक्षता डाव्या हाताने टाकल्या.

मी प्रकल्पात दोन्ही दस्तऐवज जोडले. ज्योती मॅडमनी विचारलं, 'पहिला एकवीस शब्दांचा, दुसरा दोन हजारांचा. उलट का गेलात?' मी लिहिलं, 'वाचकाला काय हवं आहे ते कळलं.' त्यांनी ब श्रेणी दिली. शेरा लिहिला, 'उत्तर संक्षिप्त आहे.'

तीस मेला सर्टिफिकेट आलं. सेठला कागद पाहिजे होता, म्हणून प्रवीणकडे छापायला गेलो. प्रवीणने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाऊ, एकच नाव आहे. सही करून जा."

मी हसलो. घरी आलो आणि कागद आबांच्या हातात दिला.

आबांनी हात पुसले. चष्मा लावला. कॉलेजचं नाव, शिक्का, मग 'चेतन भदाणे'. बोट चेतनवर आलं, भदाणेवर गेलं, पुन्हा चेतनवर आलं. दोघांच्या मधल्या जागेत थोडं थांबलं. कॉलेजच्या फॉर्ममध्ये दोनच रकाने होते, नाव आणि आडनाव. मी तेवढे भरले होते. तिसऱ्याची मला आठवणही झाली नव्हती.

"मनं नाव कोठे शे?"

शांताबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "हाय का! ह्यातबी न्हाई?"

मी कॉलेजला मेल केला, विषयासकट. उत्तर आलं की दुरुस्तीला पंचेचाळीस दिवस लागतात. मग सेठकडे न्यायला कागद घ्यायला गेलो तर आबा टेबलाशी वाकून बसले होते. निळं बॉलपेन होतं. चेतन आणि भदाणे यांच्या मधल्या जागेत, थोडं वर, जागा कमी पडली म्हणून शेवटचं अक्षर जरा खाली उतरलेलं, त्यांनी लिहिलं होतं : निंबा.

तो खराब झालेला कागद मी दुसऱ्या दिवशी सेठच्या टेबलावर ठेवला. सेठने तो उजेडात धरला. शिक्का पाहिला. निळ्या शाईवर नख ठेवलं.

"आ शुं छे?"

"मारा पप्पानुं नाम," मी म्हणालो.

सेठच्या खात्याची पाटी चार फुटी आहे. तिच्यावर खात्याचं नाव म्हणून त्याच्या वडिलांचं नाव आहे, वर फोटो आहे आणि फोटोला रोज सकाळी हार असतो.

सेठने कागद खाली ठेवला. पायाने खुर्ची माझ्याकडे सरकवली.